सिंगापुरात खिसा सांभाळून तिथलंच जेवण : तुमचे अनुभव लिहा

डिसेंबरात पुन्हा सिंगापूरला निघालोय, या खेपेला टूरशिवाय. सोबत नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. मागच्या वेळी एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो. बस रोज दोन्ही वेळा त्याच भारतीय हॉटेलपुढे उभी राहायची. पनीर, पिवळी डाळ, जीरा राईस, गुलाबजाम. चौथ्या दिवशी धाकट्याने ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, "आई, आपण नक्की कुठे आलोय?"

त्या रात्री आम्ही दोघं सटकलो. चायनाटाउनजवळ मॅक्सवेल फूड सेंटर आहे. उंच छप्पर, खाली टपरीएवढाले स्टॉल, मधे जमिनीत पक्की बसवलेली टेबलं-स्टुलं. एका स्टॉलपुढे रांग होती, कशाची ते न कळताच उभे राहिलो. निघाला हैनानी चिकन राईस. पांढरट उकडलेली कोंबडी, काकडीचे चार काप, बाजूला भात. दिसायला अगदी आजाऱ्याचं जेवण. पण तो भात कोंबडीच्या पाण्यात आलं-लसूण घालून शिजवलेला असतो. त्याच्याबरोबर आलेली लाल चटणी लावून पहिला घास खाल्ला आणि आमचं बोलणं बंद झालं. पाच डॉलर, म्हणजे साडेतीनशे रुपये धरा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : 1960 च्या दशकाच्या शेवटी तिथल्या सरकारने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि 1971 ते 1986 या काळात त्यांना नळ आणि सांडपाण्याची सोय असलेल्या छपरांखाली हलवलं. तीच ही हॉकर सेंटरं. आज शंभरावर आहेत आणि 2020 मध्ये ही सगळी संस्कृतीच युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. (आपल्याकडे हटवलेले फेरीवाले कुठे जातात हा विषय इथे नको, धागा भरकटेल.)

तर लिहा : काय खाल्लंत, कुठे, कितीला. शाकाहारी अनुभव आवर्जून हवेत. सासूबाई शाकाहारी आहेत, अंडं चालतं, पण ते फक्त घराबाहेर. आणि "लिटल इंडियात मिळतं की सगळं" असे प्रतिसाद कृपया नकोत.

चहाबाज

आधी पेयाचं बघू. ऑफिसच्या कामाने दोनदा महिना-महिना राहिलोय. पहिल्या दिवशी काउंटरवर मी इंग्रजीत म्हणालो, कॉफी द्या, साखर नको, दूध थोडं, पण गोड दूध नको. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मागे वळून ओरडले, "कोपी सी कोसोंग!" माझं अख्खं वाक्य तीन शब्दांत बसलं.

ही भाषा विमानातच पाठ करा. 'कोपी' म्हणजे कॉफी, 'ते' म्हणजे चहा. नुसतं कोपी म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कवाली, गोडमिट्ट. 'ओ' लावलं की दूध गेलं, साखर राहिली. 'सी' लावलं की आटवलेलं बिनसाखरेचं दूध, साखर वेगळी पडते. 'कोसोंग' म्हणजे साखर बंद; मलय भाषेत या शब्दाचा अर्थ रिकामं. 'सिउ दाय' म्हणजे कमी गोड, 'पेंग' म्हणजे बर्फ घालून. मालगाडीच्या डब्यांसारखे हवे तसे जोडत जा. तिथे बिया भाजतानाच साखर आणि मार्जरीन घालतात, म्हणून रंग डांबरासारखा. गाळायला लांब कापडी पिशवी. आमच्या आजीची चहा गाळायची फडकी तिच्यापुढे लहान बाळ. हॉकर सेंटरमध्ये दोन डॉलरच्या आत कप मिळतो. एसी कॅफेत तीच कॉफी चौपटीने.

सोबत काया टोस्ट. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदानच्या सुवासिक पानांचा जॅम. त्यावर लोण्याची गार जाड चकती. बशीत दोन अर्धीकच्ची अंडी, त्यावर सोया सॉस आणि पांढरी मिरपूड घालून ढवळून प्यायची. ताई, सासूबाईंना सांगा, हे घराबाहेरच आहे.

पुणेकर बापाचा लेक

आमच्या बाबांनी सिंगापुरात काय केलं ते लिहितो, म्हणजे तुमची फजिती टळेल.

दुपारचे साडेबारा, लाउ पा सात. ही 1894 ची ओतीव लोखंडाची अष्टकोनी मंडई, आता आत खाण्याचे स्टॉल, चारी बाजूंनी ऑफिसांचे टॉवर. जागा मिळेना. एक टेबल रिकामं दिसलं, वर टिशूचं छोटं पाकीट. बाबा बसले, घाम पुसला, नाक शिंकरलं आणि "बघ, किती सोय करतात गिऱ्हाइकाची" म्हणून उरलेलं पाकीट खिशात टाकलं. दोन मिनिटांत हातात ट्रे घेऊन ऑफिसातल्या तीन मुली टेबलाशी. कोणी काही बोललं नाही. नुसत्या बाबांच्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिल्या.

टिशू म्हणजे आपला एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल. तिथे त्याला 'चोप' करणं म्हणतात. छत्री, ओळखपत्रसुद्धा चालतं. तेव्हा पाकीट स्वतःचं ठेवा आणि बारा ते दीड ऑफिसांच्या भागात फिरकू नका.

आणखी एक : खाऊन झालं की ट्रे उचलून रॅकवर ठेवायचा. 2021 पासून सक्तीचं आहे, दंडही होतो. हलालचा रॅक वेगळा असतो, पाटी वाचून ठेवा.

संध्याकाळी सातनंतर याच मंडईशेजारचा रस्ता गाड्यांना बंद करून तिथे साते, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, भाजतात. कोळशाचा धूर, शेंगदाण्याची गोडसर आमटीवजा चटणी. काडीला डॉलरच्या आसपास, पण बहुतेक ठिकाणी कमीत कमी दहा काड्या घ्याव्या लागतात. बाबांनी एकट्याने चौदा खाल्ल्या. टिशू विकत घेतला.

कांदालसूणवर्ज्य

मी मुद्दाम लांब लिहितेय, कारण शाकाहारी माणसाला परदेशात बिचारं समजायची पद्धत आहे. सिंगापूरपुरतं तरी ते विसरा.

बुगिसजवळ वॉटर्लू स्ट्रीटवर क्वान यिमचं, म्हणजे करुणेच्या देवीचं, चिनी मंदिर आहे आणि त्याला लागूनच श्रीकृष्णाचं. चिनी बायका देवीचं दर्शन झालं की त्याच हातातल्या उदबत्त्या घेऊन कृष्णापुढे उभ्या राहतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाय निघेना. असो, मुद्दा पोटाचा. जवळच फू लू शौ कॉम्प्लेक्स नावाची जुनी इमारत आहे आणि तिथे चिनी शाकाहारी जेवणाची दुकानं आहेत. बौद्ध पद्धतीचं म्हणजे मांस-मासे नाहीतच, पण बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नाही. आमच्या घरच्या चातुर्मासाला ते सिंगापुरात भेटेल असं कोणाला वाटलं होतं!

चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ चिनी लोक शाकाहार पाळतात. त्या दिवशी या दुकानांत आपल्या एकादशीला साबुदाणा खिचडीसाठी असते तशी गर्दी. जाण्याआधी कालनिर्णय बघा, चेष्टा नाही करत.

मी सकाळी 'बी हून' घ्यायचे. तांदळाच्या बारीक शेवया, कोबी, वर तळलेले सोयाचे तुकडे, चमचाभर मिरचीचं लोणचंवजा सांबाल. चार डॉलरमध्ये दुपारपर्यंत भूक नाही. एकच गोष्ट सांभाळा : सोया-मैद्याचं नकली मांस इतकं हुबेहूब असतं की माझ्या नणदेने बदकाचा रंग बघून ताट सोडलं.

असं दुकान बहुतेक मोठ्या हॉकर सेंटरमध्ये एखादं तरी असतं. शाकाहाराची दोन चिनी अक्षरं फोनमध्ये फोटो काढून ठेवा. पाटीवर बऱ्याचदा स्वस्तिकही दिसतं, आपल्यापेक्षा उलट्या दिशेचं.

तळ्यातमळ्यात

वरच्या ताईंना दुजोरा, आणि ज्यांच्या पाटीवर ती अक्षरं नाहीत तिथली माझी फजिती.

रोजाक. समोर काकडी, अननस, जिकामा नावाच्या कंदाचे तुकडे, वर शेंगदाण्याचा कूट. मला वाटलं फळांची भेळ! अर्धी प्लेट मिटक्या मारत संपवली आणि मग त्या काळ्या गोड सॉसमध्ये काय असतं ते विचारलं. कोळंबीचं आंबवलेलं वाटण. शाकाहारी लोकहो, रोजाक चिनी पद्धतीचा असेल तर हात जोडा. तसंच 'नो मीट' म्हणालात तर मांसाचे तुकडे काढून देतात, तव्यावरची डुकराची चरबी तशीच. दुकानदाराचा दोष नाही, त्याच्या लेखी मीट नाहीच ते.

मांसाहारी मित्रांना दुसरा इशारा. नदीकाठच्या एका हॉटेलात आम्ही चिली क्रॅब मागवला. मेनूवर किंमत नव्हती, फक्त 'सीझनल' असं लिहिलेलं. खेकडा वजनावर असतो हे बिल आल्यावर कळलं. शिवाय हॉटेलात वर दहा टक्के सर्व्हिस आणि नऊ टक्के जीएसटी. मेनूच्या खाली दोन अधिकची चिन्हं बारीक छापलेली असतात, ती हीच. हॉकर सेंटरमध्ये सर्व्हिसचा प्रकार नाही, पाटीवर पाच म्हणजे पाच. खेकडा खायचाच असेल तर आधी वजन आणि किलोचा भाव विचारा. आम्ही मालवणचे, आम्हाला खेकड्यात गंडवलं हे घरी अजून सांगितलेलं नाही.

दोनपिल्लं

लिटल इंडिया नको म्हणालात, तरी मी तिथलं टेक्का सेंटर लिहिणारच. प्राटा हा आता सिंगापूरचाच पदार्थ आहे. तमिळ मंडळींबरोबर गेला आणि तिथलाच झाला. मैद्याचा गोळा हवेत भिरकावून कागदासारखा पातळ करतात, घडी घालून तव्यावर. साधा दीड-दोन डॉलर. बरोबर माशाची किंवा मटणाची करी येते, तेव्हा डाळीची म्हणून सांगा. माझी मुलं तिथल्या मुलांचं बघून साखरेला लावून खाऊ लागली, तेवढे दोन दिवस जेवणाची कटकट नाही.

गोडात चेंडोल. बर्फाचा भुगा, हिरव्या शेवया, नारळाचं दूध, वर 'गुला मलाका' म्हणजे माडाच्या गुळाचा काळसर पाक. मलयमध्ये गुला म्हणजे साखर, पण शब्द आपल्या गुळासारखाच संस्कृतातून गेलेला.

ब्लॉक 300 वाली

मी इथे अकरा वर्षं राहते. वरची सगळी ठिकाणं छान आहेत, पण आम्ही रोज तिथे जेवत नाही. मेट्रोने शहरातून सात-आठ स्टेशनं बाहेर या. सरकारी इमारतींच्या तळमजल्यावर कोपीटियाम, म्हणजे साधी कॉफी-जेवणाची दुकानं, असतात. तिथे 'त्साय पंग' मागा. काचेमागे वीस-पंचवीस भाज्या-कालवणं मांडलेली, बोट दाखवायचं, भातावर पडत जातं. दोन भाज्या आणि टोफू, चार डॉलरच्या आसपास. आपली राईसप्लेटच. बोट दाखवताना मासा टाळा, तिथेच दर उडी मारतो. बांधून हवं असेल तर 'ता पाओ' म्हणायचं.

माझी आई सांगलीहून बाळंतपणाला आली होती, तीन महिने. इंग्रजी येत नाही. पहिला आठवडा ती खाली उतरली नाही. मग एक दिवस बाळ झोपलेलं असताना गेली आणि तासाने कागदाचं पुडकं घेऊन आली. आत च्वी कुए. छोट्या बशीसारख्या साच्यात वाफवलेली तांदळाची मऊ वडी, मधे खळगा, खळग्यात मिठात मुरवलेल्या मुळ्याचा परतलेला चुरा. "इडलीच आहे, पण हिने पीठ आंबवलेलं नाही," आई म्हणाली. मला धडकी भरली, पैसे किती दिले? तिने मूठ उघडली. सुटे पैसे तळहातावर ठेवून ती उभी राहिली होती, स्टॉलवालीने मोजून घेतले आणि एक नाणं परत ठेवलं.

नंतर रोजचंच झालं. आई तिला मराठीत सांगायची, मुळा जरा जास्त घाल. ती हॉक्कियन या चिनी बोलीत काहीतरी म्हणायची. मुळा जास्त पडायचा. (त्या मुळ्यात काही ठिकाणी सुकी कोळंबी किंवा चरबी असते, शाकाहारींनी विचारून घ्या. आमच्या घरी सगळं चालतं.)

कामाच्या काही गोष्टी. चांगले स्टॉल दुपारी दोन-तीनला संपतात, आणि सोमवारी बरेच बंद असतात. अख्खं सेंटरही अधूनमधून सफाईसाठी बंद ठेवतात, तारखा आधी बघा. आणि रोख सुटे ठेवा, काही जुने लोक कार्ड घेत नाहीत. स्टॉलवाल्यांना अंकल, आंटी म्हणायचं. रांगेत उभं राहूनच काय हवं ते ठरवा. आपली पाळी आल्यावर विचार करणारा माणूस त्यांना अजिबात खपत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना आख्खा धागा मोठ्याने वाचून दाखवला. रोजाकपाशी त्या "अगं बाई" म्हणाल्या आणि पुढचं दोनदा वाचायला लावलं. कालनिर्णय उघडून पौर्णिमा बघितली, आमच्या मुक्कामातच येतेय. वहीच्या मागच्या पानावर 'कोपी सी सिउ दाय' लिहून घेतलंय.

आज सकाळी बाजारातून टिशूची सहा पाकिटं आणली. तिथे महाग असतील म्हणाल्या.