सीएनसी राउटरच्या ‘झेड झीरो’ला मराठीत काय म्हणावं?

सुतारपक्षी: हौशी राउटरवाल्यांसाठीची पुस्तिका मराठीत आणतोय (सीएनसी राउटर म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणारं मशीन). हाती आलेल्या मसुद्यात बिटच्या (कापणाऱ्या पात्याच्या) शून्याला, म्हणजे जिथून खोली मोजतात त्या ‘झेड झीरो’ला, ‘सुरुवातीची उंची’ म्हटलंय. वाचणाऱ्याने बिट लाकडाच्या ५ मिमी वर ठेवून तिथेच शून्य दिलं, कारण प्रोग्राम सुरू होताना बिट तिथेच असतं. ३ मिमी खोल खाच सगळी हवेत कापली गेली. दुसरा शब्द सुचवा.

अक्षरवेडी: शून्यपातळी. उंची कशापासून तरी मोजतात, इथे मोजणंच तिथून सुरू होतं. खाली गेलं की उणे, वर गेलं की अधिक, समुद्रसपाटीसारखं.

रंधा: मशीनवर कुणी शून्यपातळी म्हणत नाही. ‘झेड झीरो घे’ म्हणतात. बिटखाली कागद हलवत राहायचा, बिट थोडं थोडं उतरवायचं, कागद ओढताना अडला की थांबायचं. हे सगळं त्या ‘घे’मध्ये आलं.

अक्षरवेडी: बोलताना म्हणा की. छापताना शून्य का नको? झीरो हा शून्याचाच वंशज: शून्य, अरबी सिफ्र, इटालियन झेफिरो, मग झीरो.

जुना टर्नर: सिफ्र हा अपभ्रंश नाही, भाषांतर आहे. सिफ्र म्हणजे रिकामं. अर्थ गेला, शब्द इथेच राहिला. आणि नवा शब्द घडवायचाच कशाला? शाळेच्या भूमितीत ‘आरंभबिंदू’ आहे.

अक्षरवेडी: आरंभबिंदू सगळ्या अक्षांचा मिळून एक. बिट बदललं की फक्त झेड (वर-खालचा अक्ष) परत घ्यावा लागतो, एक्स-वायला (आडव्या अक्षांना) हात लावायचा नाही. म्हणून पातळीच हवी.

सुतारपक्षी: पटलं. पण पातळी कशाची, लाकडाच्या माथ्याची की बेडची (लाकूड ठेवतात त्या टेबलाची)?

रंधा: ते कामावर अवलंबून आहे. अक्षरं कोरायची तर माथा. ९० अंशांचं व्ही-बिट (टोकाकडे निमुळतं) ०.२ मिमी जास्त उतरलं की रेघ ०.४ मिमीने जास्त रुंद होते, डोळ्याला लगेच खटकतं. आरपार कापायचं तर बेड. १८ मिमी म्हणून आणलेला प्लाय सगळीकडे १८ भरेलच असं नाही. माथ्यावरून घेतलं तर कुठे तळाशी पापुद्रा राहतो, कुठे बेड चिरतो.

अक्षरवेडी: म्हणजे ‘माथाशून्य’ आणि ‘तळशून्य’. छापा बिनधास्त.

जुना टर्नर: तळशून्य कानाला टोचतं. त्यापेक्षा टच-प्लेटबद्दल (कागदाऐवजी बिटखाली ठेवून शून्य घ्यायची धातूची पट्टी) एक ओळ जास्त घाला: प्लेटची जाडी कॅलिपरने मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरायची. ती राहिली की शून्य तेवढंच वर चढतं. शिवाय ग्रबलमध्ये (मशीन चालवणारी प्रणाली) जी९२ या आज्ञेने दिलेलं शून्य मशीन रीसेट झालं की जातं, जी५४मध्ये साठवलेलं टिकतं.

रंधा: कागदाचंही तेच. साधारण ०.१ मिमी असतो. कोरीवकामात तो धरायलाच हवा, आरपार कापताना मी सोडून देतो.

जुना टर्नर: सोडू नका. बेडवरून घेतलं तरी तेवढाच पापुद्रा खाली राहतो.