मोटरीने ओढलेला मासा कोणाचा?

शेडवाले काका (भुसावळ):
मुलगा फ्लोरिडात असतो. मार्चमध्ये आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. त्याने आणि त्याच्या मित्रांनी स्वोर्डफिशसाठी चार्टर बोट ठरवली, म्हणजे कप्तानासकट दिवसभर भाड्याने. आपण तलवार मासा म्हणू. मलाही सोबत घेतलं. इस्लामोराडा नावाच्या बेटावरून पहाटे निघालो, किनारा दिसेनासा झाला तरी बोट जातच होती.

सोळाशे फूट पाणी. एवढा बोअर आमच्या यावल-रावेरकडेही अजून कोणी मारला नसेल. गळाला बोनिटो माशाच्या पोटाची लांब पट्टी शिवलेली, वर एक लुकलुकणारा दिवा, आणि खाली न्यायला दहा पौंडांचं वजन. ते तळाला पोचेपर्यंत एक चहा होतो. खाली गल्फ स्ट्रीमचा प्रवाह उत्तरेकडे ओढत असतो, म्हणून कप्तान बोटीचं तोंड प्रवाहाकडे धरून सारखा इंजिन कमीजास्त करतो. दोर उभा राहायला हवा. मग सगळे नुसते रॉडच्या टोकाकडे बघत बसतात. हा मासा पुष्कळदा आधी आमिषाला तलवारीचा फटका मारतो, मग फिरून येऊन गिळतो. तो फटका वर टोकाला किती दिसावा? पापणी लवते तेवढा. मला दिसलाच नाही. बोटीवरच्या पोऱ्याला दिसला.

मग पोऱ्या म्हणाला, बटण दाबा. रील इलेक्ट्रिक होतं (दोर गुंडाळायचं, मोबाईलवरचं नव्हे). मी दाबलं. मोटर घुंई करत राहिली, पाऊण तासात मासा वर. पाण्याबाहेर आला तेव्हा तांबूस-जांभळा, डोळा मोसंबीएवढा. थोड्या वेळात राखाडी पडला. खालच्या जबड्यापासून शेपटीच्या खाचेपर्यंत 62 इंच. तलवार मापात धरत नाहीत, आणि 47 इंचांच्या आतला सोडावा लागतो. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

34 वर्षं लोको शेडमध्ये मोटरीच उघडल्या-लावल्या. काम कोणी केलं ते मला कळतं. माझं मत असं, की तो मासा मी धरला नाही. हाताने ओढायची ताकद नसेल त्याने जाऊच नये. बोला.

केळीवाला (रावेर):
काका, आजोबांनी मोटेने पाणी काढलं, वडिलांनी इंजिनाने, मी सबमर्सिबलने काढतो. मग माझ्या बागेतलं पाणी माझं नाही का? उगाच मनाला लावून घेऊ नका. आणि माप भरलं नाही तर सोडायचा आहे ना? मग दोन-तीन तास हाताने दमवून सोडलेला बरा, की लवकर वर आणून सोडलेला? नुसतं आमिष शाबूत आहे का बघायला सोळाशे फूट दोर हाताने गुंडाळून बघा एकदा, दुसऱ्या दिवशी भरिताची वांगी सोलता येणार नाहीत.

बेनाम:
भो, तलवार मासा धरणं गुन्हा आहे ना? आपल्याकडे तर जेलच.

केळीवाला (रावेर):
तो करवत मासा. त्याच्या सोंडेला दोन्ही बाजूंनी दाते असतात, तो पाकट माशांच्या गोतातला, 2001 पासून वन्यजीव कायद्यात वाघाच्या यादीत. तलवार मासा वेगळा.

तापीची लेक (चोपडा):
केळीवाले दादा, त्याच सबमर्सिबलने आजोबांच्या विहिरीचं काय केलं, तेही लिहा की. आमच्या मळ्यात मोट होती तेव्हा हात घालून पाणी लागायचं असं आजी सांगायची. आता विहिरीत पिंपळ उगवलाय आणि बोअरला नुसता फुफाटा. मोट दमायची, बैल दमायचे, म्हणून विहिरीला रात्री भरायला वेळ मिळायचा. मोटर दमत नाही. काकांना लाज वाटली ती बरोबर वाटली. खेळ म्हणवता ना? मग खेळाडूने दमायला नको? जागतिक विक्रमांची नोंद ठेवणारी आयजीएफए ही संस्था मोटरीच्या रीलवरचा मासा धरतच नाही. 1953 साली चिलीच्या इकिके इथे धरलेला 1182 पौंडांचा मासा, म्हणजे 536 किलो, आजही पहिला आहे.

केळीवाला (रावेर):
ताई, विहीर आटली ती मोटरीमुळे नाही. किती उपसलं ते कोणी मोजलं नाही म्हणून. समुद्रात मोजलं. उत्तर अटलांटिकमधला हा मासा नव्वदच्या दशकात इतका घटला, की 1998 मध्ये अमेरिकेतल्या कित्येक शेफांनी तो ताटात वाढायचाच बंद केला. 1999 मध्ये अटलांटिकच्या देशांनी मिळून कोटा आवळला, 2001 पासून फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर लाँगलाइन बंद. मैलोन्‌मैल दोर आणि त्याला शेकडो गळ, तो धंदा. 2009 पर्यंत साठा पुन्हा भरला. काकांच्या बोटीला सुद्धा परवाना, माप, माणशी एक, सगळं लागू होतं. आपल्याकडे बोअरला असं कोणी केलं असतं तर आज मीच तुमच्या बाजूने बोललो असतो.

तापीची लेक (चोपडा):
मोजणं मान्य, त्यात वाद नाही. पण हा मासा रात्री वर येतो आणि दिवसा खोल जातो. तिथल्या गारठ्यात नजर शाबूत राहावी म्हणून त्याच्या डोळ्याजवळचा एक स्नायू मेंदूला आणि डोळ्याला ऊब देतो. तुमच्या आमच्याकडे असं काही नाही. हौशी लोक पूर्वी त्याला बहुतेक रात्रीच धरायचे, दिवस त्याचा होता. फ्लोरिडात दिवसा धरायची रीत बसली ती या शतकाच्या सुरुवातीला. आता दिवसही राहिला नाही. एवढंच म्हणायचं आहे.

हतनूरचा:
दोघांचं वाचलं. माझे वडील हतनूर धरणाच्या पाण्यात जाळं टाकतात, मीही कॉलेजपर्यंत टाकलं. 41 दरवाजे उघडले की तुम्ही फोटो काढायला येता, आम्ही जाळी गोळा करायला पळतो. आमच्याकडे संस्था पाणी ठेक्याने घेते, कटला-रोहूची बोटुकली सोडते, मग वर्षभर काढते. मासा कोणाचा हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही, कारण बोटुकलीचे पैसे कोणी भरले ते वहीत असतं.

काकांचं एक पटलं नाही. हाताने ओढलं की मासा तुमचा, हे कोणी ठरवलं? बोट कप्तानाची, जागा त्याला माहीत, फटका पोऱ्याला दिसला. हाताने गुंडाळलं असतं तरी फार तर हमाली तुमची झाली असती. आमच्याकडे होडी वल्हवणाऱ्याला वेगळा वाटा मिळतो, पण मासा धरला असं तो म्हणत नाही. मोटरीवर राग काढू नका, काका. रॉडच्या टोकाकडे बघायला शिका.

धुळ्याची सुनंदा:
एक विचारायचं राहून गेलं. खाल्ला का? त्या माशात पारा जास्त असतो. गरोदर बाई आणि लहान मुलांनी तो खाऊ नये असं तिथलं सरकारच सांगतं.

शेडवाले काका (भुसावळ):
सुनंदाताई, सूनबाईला पाचवा होता. तिच्या डॉक्टरने दिलेला कागद फ्रिजवर लावलेलाच होता, त्यात या माशाचं नाव पहिल्या ओळीत. तिने वरण-भात खाल्ला. आमच्या हिने भुसावळहून नेलेला काळा मसाला लावून तुकडे भाजले. घट्ट मांस, काटा नाही, एखाद्या तुकड्याला कोंबडी म्हणून कोणी फसेल. मी दोन खाल्ले.

हतनूरच्या भाऊ, तुमचं लागलं मला. शेडमध्ये नवीन पोरगा यायचा तेव्हा मी त्याला आधी महिनाभर पाना धरू द्यायचो नाही, नुसता मोटरीचा आवाज ऐकायला बसवायचो. बोटीवर मला कोणी तसं बसवलं नाही, आणि मीही मागितलं नाही, बटणाजवळ जाऊन उभा राहिलो. हाताने ओढणाऱ्यानेच जावं हे मात्र मी अजून सोडत नाही, त्यावर ताईंशी माझं जमतं.

तुमच्या वडिलांना विचारा, एखाद्या सकाळी होडीत नुसतं बसायला चालेल का. जाळ्याला हात लावणार नाही. जिलेबी आणतो.

हतनूरचा:
बाबा म्हणतात या, पण पाचला. साडेपाचला आम्ही पाण्यात असतो. जिलेबी नको, त्यांना साखर आहे. तंबाखू आणा.