वजनावर चालणारं लाकडी घड्याळ (किट) सहा मिनिटांच्या आत थांबतंय, दोष कुठं शोधू?

नंदगडकर

नमस्कार मंडळी. लेझरनं कापलेल्या ४ मिमी बर्च प्लायचा घड्याळाचा किट जोडलाय. सेल नाही, कमान (स्प्रिंग) नाही, सगळं वजनावर. माहिती आधीच देतो.

लंबक २५ सेंमीच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन एक सेकंद. एस्केप व्हील (लंबकाच्या प्रत्येक झोक्याला एकेक दात सुटणारं शेवटचं चाक) ३० दातांचं. मिनिट काट्याच्या आसावर ८० दातांचं चाक, ते मधल्या आसावरच्या ८ दातांच्या पिनियनला (छोट्या दातेरी चाकाला) फिरवतं. मधल्या आसावर ९६ दातांचं चाक, ते एस्केप व्हीलच्या ८ च्या पिनियनला. दात मोड्यूल (दाताच्या आकाराचं माप) १.५. आस ३ मिमी स्टीलचे, टोकांना ६२३ नंबरची बेअरिंगं. रीळ ३० मिमी, दोरी २ मिमी. वजन किटमध्ये नव्हतं, कागदावर "१.५ किलो" एवढंच. सध्या वाळू भरलेली बाटली टांगली आहे.

लंबक सोडला की चालतं. तीन मिनिटं, पाच मिनिटं, पण सहाच्या पुढं कधी नाही. २.५ किलो केलं की थोडं जास्त ओढतं. आमच्याकडं खानापूर तालुक्यात पाऊस धरलाय, हवा दमट. दातांना शिवणयंत्राचं तेल द्यावं का? घड्याळ टेबलावर लाकडी स्टँडला अडकवलंय.

शहापूरचा घड्याळजी

तेल अजिबात देऊ नका. लाकूड तेल पितं, दाताची कड फुगते, त्यावर धूळ बसून लुकण होतं. कौलारू घर असेल तर धूळ काय कमी असते का! दातांना फक्त ६बी पेन्सिल घासायची. त्याआधी लेझरची काजळी काढा. ३२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट पट्टीला चिकटवून प्रत्येक दाताच्या दोन्ही अंगांना दोन-तीन हात, सगळ्यांना सारखेच. एका दाताला चार नि दुसऱ्याला एक असं केलं की नवीनच दुखणं तयार होतं.

वजन परत १.५ वर आणा. वजन वाढवून चालवलेलं घड्याळ दुरुस्त झालेलं नसतं. प्लायच्या एस्केप व्हीलच्या दाताचं टोक लाकडाच्या आडव्या रेषांवर आलं असेल तर तिथूनच तुटतं. टोकांना पातळ फेविक्विकचा एकेक थेंब मुरवून ठेवा.

आता या क्रमानं बघा.

पहिल्यांदा स्टँड सोडा, घड्याळ भिंतीला लावा. लंबक हलताना स्टँड केसभर जरी हलला तरी लंबकाची ताकद स्टँडमध्ये जाते. चिऱ्याच्या भिंतीत साधा प्लग सैल पडतो. कमीत कमी ५० मिमीचा प्लग, भोकातली भुकटी फुंकून काढून, आणि दोन चिऱ्यांच्या सांध्यात नाही, चिऱ्याच्या पोटात.

मग नुसता लंबक झुलवून बघा, अँकरपासून (एस्केप व्हीलचे दात एकेक करून अडवणारा-सोडणारा तुकडा) सुटा करून. पाचेक मिनिटं तरी डोळ्याला दिसेल असा झुलला पाहिजे. दोन मिनिटांत थांबत असेल तर टांगणीतच घर्षण आहे, चाकांकडं बघायची गरजच नाही.

त्यानंतर अँकर काढून दोरीला १५० ग्रॅम लावा. चाकं आपसूक फिरायला लागली पाहिजेत, न अडखळता. सांगितलेल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यात गिअर फिरत नसतील तर अँकरशी खेळण्यात अर्थ नाही.

शेवटी ठेका. टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं ऐकू आलं पाहिजे. घड्याळाची एक बाजू पुठ्ठा घालून किंचित उचलून बघा. जी बाजू उचलल्यावर ठेका सरळ होतो, त्याच बाजूला लंबकाला धक्का देणारा फाटा किंचित वळवायचा. मग पुठ्ठा काढा. ओळंब्यात लावलेलं घड्याळ ठेक्यात असतंच असं नाही, त्यामुळं पाणसळ बघून खूश होऊ नका.

उद्यमबाग_टर्नर

बेअरिंगं धुतलासा का? ६२३ च्या आत कारखान्यातून घट्ट ग्रीस भरून येतं. ते मोटरसाठी ठीक. इथं एस्केप व्हीलच्या आसावर मिळणारा जोर इतका कमी असतो की नुसतं ग्रीसच चाक धरून ठेवतं. पत्र्याच्या झाकणीचं बेअरिंग असेल तर सुईनं झाकणी उचकटा, पेट्रोलमध्ये बुडवून फिरवा, वाळवा, तसंच कोरडं बसवा. फुंकर मारली की चार-पाच सेकंद फिरत राहिलं पाहिजे. पेट्रोलचं काम अंगणात करा, चुलीजवळ नको.

आणि बाटली काढा. बाटली डोलते, आणि तिचा झोका लंबकाशी जुळला की घड्याळ थांबवते. पाइपात वाळू भरायचा विचार असेल तर दोन इंची पाइप जवळजवळ दोन फूट लांब होतो. त्यापेक्षा ५० मिमीचा एमएस (साध्या लोखंडाचा) राउंड बार १० सेंमी कापून घ्या, दीड किलोच्या किंचित वर भरतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भंगाराच्या भावात असा तुकडा मिळतो. वर एम६ चं भोक पाडून आय बोल्ट.

निपाणी_प्लाय

तेल नको हे बरोबर, पण दमटपणाचं कुणी बोललं नाही. प्लायचं चाक शक्यतो गोलच राहतं, कारण थर आडवे-उभे असतात. अख्ख्या लाकडाचं चाक पावसाळ्यात अंडाकृती होतं, प्लायचं नाही. पण प्लाय वाकतो. एका बाजूला पॉलिश आणि दुसरी कोरी असेल तर हमखास. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये पातळ करून दोन्ही बाजूंना सारखे दोन हात द्या. दातांच्या अंगावर मात्र नाही, तिथं जाडी वाढते. किटमध्ये एमडीएफची चाकं असतील तर त्यांच्या कडा पाणी ओढतात, ते वेगळं प्रकरण.

एक किलो वाढवून काय बिघडतं, असं म्हणणारे भेटतील. चालवून बघायला हरकत नाही, पण कायमचं नको.

शहापूरचा घड्याळजी

नंदगडकर, एक गोष्ट राहिली आणि तीच महत्त्वाची. तुमच्या दातांचा हिशेब लावा. मिनिट काट्याचा आस तासाला एक फेरा. ८० भागिले ८ म्हणजे १०, तर मधला आस ६ मिनिटांना एक फेरा. ९६ भागिले ८ म्हणजे १२, तर एस्केप व्हील ३० सेकंदांना एक. घड्याळ ६ मिनिटांच्या पुढं कधीच जात नसेल तर संशय थेट मधल्या आसावर जातो. एस्केप व्हील खराब असतं तर अर्ध्या मिनिटात अडलं असतं. मिनिट काट्याच्या आसावरचं असतं तर तासभर निभावलं असतं.

प्रत्येक चाकावर पेन्सिलीनं एक ठिपका द्या. थांबलं की कुठला ठिपका कुठं आहे ते लिहून ठेवा. मधल्या चाकाचा ठिपका दर वेळी त्याच जागी आला तर दोष सापडला.

काटे लावून थांबत असेल तर आणखी एक खूण असते. दर वेळी पस्तीस ते पंचावन्न मिनिटांच्या मध्ये थांबतं, म्हणजे मिनिट काटा जड आहे आणि वर चढताना ओढत नाही. त्याच्या शेपटीला मागून पितळी वॉशर चिकटवायचा.

नंदगडकर

बेअरिंगं धुतली, भिंतीवर लावलं, वजन दीड किलो. ठेका बसला. तरीही थांबतं. ठिपका बघितला: ९६ च्या चाकाचा ठिपका दर वेळी एस्केपच्या पिनियनच्या आसपास, थोडा मागं-पुढं. थांबायच्या आधी लंबकाचा झोका हळूहळू कमी होत जातो, एकदम नाही. हातानं फिरवून बघितलं तर त्या भागातल्या वीसेक दातांमध्ये पिनियनला मोकळीक अजिबात नाही, बाकी ठिकाणी भरपूर.

शहापूरचा घड्याळजी

मग एखादा दात खराब नाही, चाकाचं भोक मध्यावर नाही. कसं ते सांगतो. ९६ च्या चाकाचा एक दात ३.७५ सेकंदांत निघून जातो. तेवढा वेळ जोर कमी मिळाला तरी लंबक निभावून नेतो. पण वीस दात म्हणजे सव्वा मिनिट घट्ट. तेवढ्यात झोका उतरत उतरत अँकरचा दात सुटेनासा होतो, आणि संपलं. मधल्या आसावरचं ८ चं पिनियन दोषी असतं तरी लंबक असाच हळूहळू थांबला असता, कारण त्याचा एकेक दात ४५ सेकंद अडकलेला असतो. पण तिथं घट्टपणा तुम्हाला ८० च्या चाकाशी जाणवला असता.

मोजायचं कसं? साधा कागद ०.१ मिमी जाड असतो. तीन पट्ट्या एकावर एक धरून दातांत घाला. मोड्यूल १.५ ला एवढी मोकळीक म्हणजे बरोबर. जिथं एकही पट्टी जात नाही नि समोरच्या बाजूला पाच-सहा जातात, तिथं भोक मध्यावरून सरकलंय हे नक्की. दोन आसांमधलं अंतर ७८ मिमी हवं, तेही व्हर्नियरनं बघा.

अंतर ०.२ मिमी वाढवून तात्पुरतं चालेल. मग सैल बाजूला दात जास्त सैल होतील, खडखड वाढेल, पण थांबणार नाही. कायमचा इलाज बुशचा (भोकात बसवायची धातूची नळी).

उद्यमबाग_टर्नर

बुश असा बसवा. चाक आसावरून काढा, भोक ६ मिमीपर्यंत मोठं करा. बाहेरून ६ नि आत ३ मिमीचा पितळी बुश. पण ६ मिमीचं भोक जुन्या भोकाच्या मागोमाग पाडू नका, नाहीतर सरकलेपण तसंच राहतं. चाक लेथच्या फेसप्लेटवर (चाक धरायची गोल तबकडी) दातांच्या टोकांवरून केंद्रात आणायचं, डायल गेजची सुई पूर्ण फेऱ्यात ०.२ मिमीच्या आत हलली पाहिजे, मगच भोक पाडायचं. बुश ॲराल्डाइटनं चिकटवा, ठोकून बसवू नका, प्लायचे थर सुटतात. लेथवाल्याकडं पाच मिनिटांचं काम. सोबत कागदावर आकृती आणि माप लिहून न्या, "जरा मोठं करा" असं तोंडी सांगितलं की सात मिमी होऊन येतं.

नंदगडकर

अंतर थोडं वाढवून चालवलंय, आता थांबत नाही. बुश करून घेतो. पण दिवसाला दोन मिनिटं मागं पडतंय. किटवर युरोपातली बनावट असं लिहिलंय. हाही भोकाचाच दोष?

शहापूरचा घड्याळजी

नाही ओ, हे गुरुत्वाकर्षणाचं आहे. बेळगाव भाग विषुववृत्ताच्या जवळ आणि साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर. इथं गुरुत्वाकर्षण साधारण ९.७८, मध्य युरोपात ९.८१. एवढ्या फरकानं तिथं बरोबर लावलेला लंबक इथं दिवसाला सुमारे दोन मिनिटं मागं पडतो.

लंबकाखालचा नट एम४ असेल तर एका फेऱ्याला ०.७ मिमी. २५ सेंमीच्या लंबकाला तेवढ्यानं दिवसाला जवळपास दोन मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे गोळा एक फेरा वर. मागं पडतंय तर वर, पुढं जातंय तर खाली. नट फिरवताना लंबक हातात धरा, नाहीतर टांगणीची पट्टी पिळते.

निपाणी_प्लाय

लंबकाची दांडी लाकडी असेल तर तिला लाख लावून घ्या, सागवानाची असेल तरी. उष्णतेनं लाकडी दांडी फारशी लांबत नाही, पण ओल धरते. लोखंडी दांडी १० अंश ताप वाढला की दिवसाला पाचेक सेकंद मागं, पितळी आठेक. बारीक जुळवणी पाऊस ओसरल्यावर करा. आत्ता सेकंदांवर आणलंत तरी दिवाळीत परत नट फिरवायला लागणारच.

नंदगडकर

दांडी बीचची आहे, कोरीच. रीळ आणि दोरीचा हिशेब कुणी सांगाल? चावी दिवसातून दोनदा द्यायला लागते.

उद्यमबाग_टर्नर

बरोबरच आहे. ३० च्या रिळावर २ मिमीची दोरी, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत ३२ मिमी व्यास. एका फेऱ्याला १० सेंमी, तासाला एक फेरा. चार फूट उतरायला जागा असेल तर बारा तास. फिरती कप्पी लावा, चोवीस तास होतील. वजन मात्र तीन किलो लागेल, आणि कप्पीलासुद्धा धुतलेलंच बेअरिंग टाका. दोरी न पिळणारी विणलेली घ्या, पिळाची घेतली तर वजन भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं.