केरीकडून चोर्ला चढताना इंजिन तापतंय, हायवेला मात्र ठीक

जांबोटी_रोड:
मंडळी, १.२ पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१४ ची. बेळगाव-निपाणी हायवेला ९० च्या वेगानं तापमानाचा काटा मध्यावरच असतोय. केरीकडून चोर्ला घाट चढताना एसी लावला की पाऊणच्या वर जातोय. खडे बाजारात अडकलं तरी हळूहळू चढायलाय आणि तेव्हाच एसीपण गार करणं सोडतोय. कूलंट महिन्याला अर्धा लिटर कमी होतंय, गाडीखाली डाग नाही. मेस्त्री म्हणतोय थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकूया, साधं पाणी भरूया. करावं काय?

निपाणीकर:
थर्मोस्टॅटला सध्या हात लावू नका. ९० च्या वेगाला वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. घाटात दुसऱ्या गिअरवर आणि बाजारात तो फॅननंच ओढायला लागतो. पळताना ठीक, हळू गेल्यावर गरम, तर आधी हवा बघायची, पाणी नंतर. थांबल्यावर एसी ढिला पडतोय तोही त्यामुळंच, रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीला, म्हणजे कंडेन्सरलाही त्याच फॅनची हवा लागते.

गार इंजिन चालू करून एसी लावा. कंप्रेसर लागल्यावर काही सेकंदांत फॅन फिरायलाच पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज बघा, मग त्याच नंबरचा दुसरा रिले (फॅनला करंट जोडणारा स्विच) बदलून बघा, मग फॅनचा कनेक्टर सोडवून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. थेट दिल्यावर फिरला तर मोटर शाबूत, दोष अलीकडं, वायरिंगच्या बाजूला आहे. बोटं सांभाळा, इंजिन बंद असतानाही गरम गाडीचा फॅन अचानक सुरू होतो.

दुसरं म्हणजे कंडेन्सर आणि रेडिएटरमधली फट. पुढून जाळी चकचकीत दिसते आणि तिथंच माणूस फसतो. गाळप हंगामात ट्रॉल्यांच्या मागनं जाताना उसाचा पाला-पाचट आत ओढलं जातं, पावसाळ्यात जांबोटीकडचा तांबडा चिखल त्यावर बसतो आणि वाळून नमदा होतो. रेडिएटरचे वरचे ब्रॅकेट सोडवून तो इंजिनकडं थोडा झुकवा, टॉर्च मारून बघा. धुताना पाणी इंजिनच्या बाजूनं पुढं सोडा, साध्या नळीनं. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की फिन्स (जाळीच्या पातळ पत्र्या) आडव्या पडतात, मग हवा कायमची अडते.

घटप्रभा_काठ:
हवेचं बरोबर आहे, पण अर्धा लिटर कूलंट हवेमुळं जात नाही. पहिला संशय रेडिएटरच्या झाकणावर. ते साधं बूच नव्हे. त्याच्यावर ०.९ किंवा १.१ (बार) लिहिलेलं असतं, तेवढा दाब ते आत धरून ठेवतं. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, उघडं पाणी इथं ९७-९८ अंशाला उकळतं. दाब धरला तर तेच १२० च्या आसपास जातं, पाण्यात निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर. रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली, की घाटात कूलंट उकळून बाटलीतून बाहेर जातं आणि वाटेत वाळून जातं. मग डाग कुठला दिसणार? झाकण बदलायचं तर लिहिलेल्या आकड्याचंच. जादा दाबाचं लावलं तर जुने होज (रबरी पाइप) फुटतात.

तरीही कमी होत राहिलं तर गार गाडीवर हातपंपानं झाकणाइतका दाब देऊन १५ मिनिटं ठेवा. पंपाचा काटा उतरला तर होजचे क्लिप, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीची कड, वॉटर पंपाखालचं भोक आणि डाव्या सीटपुढचं कार्पेट बघा. बाहेर काहीच नाही, पण सकाळी गार इंजिन चालू केल्याबरोबर होज टणक होतोय, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येताहेत, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं समजा.

साधं पाणी नकोच. ॲल्युमिनियमचं हेड आतून खातं, बोअरचं असेल तर क्षार धरून रेडिएटरच्या नळ्या बुजतात. आणि थर्मोस्टॅट काढला तर इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त पितं. काही इंजिनांत तर बायपास उघडा राहून पाणी रेडिएटरला टाळून फिरतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते.

जांबोटी_रोड:
एसी लावून बघितलं. फॅन गपच, काटा वर गेल्यावर एकदम जोरात सुरू होतोय. झाकणाचं रबर चिरलंय.

निपाणीकर:
मग फॅनची हळू गती गेलीय. मोटर चांगली, फ्यूजही चांगला. बहुतेक फॅनच्या चौकटीवर बसवलेला, हळू गतीसाठी करंट कमी करणारा रेझिस्टर जळालाय. मल्टिमीटरवर सर्किट तुटलेलं दाखवलं की तो बाद. नवीन टाकताना कनेक्टरही बघा, पिना काळ्या पडल्या असतील तर तोही बदला, नाहीतर नवाही जळणार. जुना फॅन जड फिरत असला तरी करंट जास्त ओढून रेझिस्टर खातो.

हुक्केरीकर:
कूलंट सगळं बदलणार असाल तर एक गोम आहे. ड्रेन उघडला तरी ब्लॉकमध्ये लिटर-दीड लिटर पाणी उरतंच. म्हणून डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यानं फ्लश करून झाल्यावर आधी नुसतं काँसन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घाला, एकूण क्षमतेच्या निम्मं. क्षमता ४.५ लिटर असेल तर २.२५. वर लागेल तेवढं डीमिनरलाइज्ड पाणी. तयार मिसळलेलं कूलंट घातलं तर उरलेल्या पाण्यानं ते पातळ होतं. रंग बघून दोन कूलंट एकत्र करू नका, रंगाला काही नियम नाही.

भरताना गाडीचं तोंड चढाला, हीटर फुल गरम, इंजिन गार असतानाच झाकण काढून चालू करायचं. वरचा होज दाबत हवा काढा, पातळी उतरेल तशी भरत राहा, वर येऊ लागली की झाकण लावा. खालचा होज गरम होऊन फॅन दोनदा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पातळी परत बघा, थोडी उतरलेली असतेच. तोवर घाटात काटा चढला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल. लाल रेषेला लागला किंवा वाफ दिसली तर कडेला घेऊन इंजिन बंद. झाकण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही, आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, हेड वाकतं.