निवृत्तीनंतरचा पहिला सोमवार : तुमचा कसा गेला?

धागाकर्ता, डोंबिवली

माझी जन्मतारीख १ जून. गावाकडून आलेल्या माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांची तीच असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय अंदाजानं धरलं आणि १ जून टाकून दिलं. आता नियम असा की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे २०२४च्या ३१ मेला आमच्या सरकारी कार्यालयात एकदम पाच जणांचा निरोप समारंभ. वयाची ५८ पूर्ण. शाल, भाषणं, समोसा-वेफर्स. नारळ हातात आला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "शेवटी साहेबांना नारळ मिळालाच." सगळे हसले, मीही हसलो.

तो शुक्रवार होता, म्हणून शनिवार-रविवार कळलंच नाही. सोमवारी पाचलाच जाग आली. दाढी केली, पिशवी उचलली आणि नेहमीच्या फास्टच्या वेळेला फलाटावर जाऊन उभा राहिलो. आमचा ग्रूप दारात होता. त्यांनी हात केला, मी हात केला, गाडी गेली. बाकड्यावर बसून एक वडापाव खाल्ला आणि घरी येऊन सांगितलं, फिरून आलो.

पैशांचं ठीक आहे, तेव्हा एफडीचे व्याजदर इथे नकोत. "छंद जोपासा" हेही नको, ते रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट व्हॉट्सॲपवर येतं. तुमचं खरं काय झालं ते लिहा. फसलं असेल तर आधी ते.

निवृत्त बँक अधिकारी, पुणे

माझे पहिले तीन महिने लग्नं, कपाटं आणि दातांचा डॉक्टर यांत गेले. चौथ्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी मी टेबलाचा ड्रॉवर तिसऱ्यांदा आवरत होते, तेव्हा माझी मलाच भीती वाटली.

भाची इतिहासाची. ती मोडीच्या वर्गाला निघाली होती, सोबत म्हणून गेले. तिनं दोन महिन्यांत सोडलं, मी अजून जाते. मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची, हात शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत, शब्द एकमेकांत घुसलेले. पहिल्या दिवशी पानावर नुसत्या मुंग्या दिसल्या. पण बँकेत माझी बावीस वर्षं सह्या पडताळण्यात गेलीत. कोणाचा 'क' कुठे वळतो, कोण शेवटचा फराटा खाली ओढतो, हे डोळ्यांना सवयीचं होतं. तीच सवय इथे उपयोगी पडली. लिहिणारा कारकून ओळखू यायला लागला की त्याची लिपी सोपी जाते. अडतो तो नवा कारकून आला की.

जुन्या पत्रांत तारखेआधी नुसता 'छ' असतो. तो चंद्राचा, पुढे सफर, जिल्काद असे हिजरी महिने येतात. हे कळलं त्या दिवशी मी घरी येऊन शिरा केला. पेशवे दफ्तरातले कोट्यवधी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत आणि वाचणारी माणसं मोजकी, त्यामुळे काम संपायची काळजी नाही.

गृहिणी, नाशिक

ह्यांच्या निवृत्तीचा अनुभव मी सांगते, कारण ह्यांना विचाराल तर "मजेत" म्हणतील.

चौतीस वर्षं सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच घर माझं होतं. ह्यांनी तिसऱ्याच दिवशी फडताळातले सगळे डबे खाली काढले आणि एकेकावर नाव चिकटवलं. 'मोहरी' लिहिलेल्या डब्यात मेथ्या आहेत, हे मला आधी बघावं लागत नव्हतं, आता बघावं लागतं. मग कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागले. "वरणाला चार कशाला, तीन पुरतात." सिलिंडर कधी लावला ती तारीख भिंतीवर. रोज अकराला शेजारच्या वहिनी यायच्या, अर्धा कप चहा आणि तासभर गप्पा. त्या यायच्या बंद झाल्या, कारण हे सोफ्यावर बनियनवर पेपर वाचत बसलेले.

मी एकदा रडलेसुद्धा, हे लिहायला हरकत नाही. ह्यांना कळेना मी का रडतेय. ह्यांना वाटलं चार शिट्ट्यांवरून.

शेवटी सोसायटीच्या पाण्यानं वाचवलं. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि कोणाच्या इमारतीला किती वेळ व्हॉल्व्ह सोडायचा यावरून भांडणं लागली. ह्यांनी वही घातली. आता दहाला खाली जातात, एकला वर येतात, आणि अख्खी सोसायटी ह्यांना घाबरते. वहिनी सव्वादहाला येतात.

मी कधी निवृत्त व्हायचं हे कुठल्या नियमात असेल, तर बँकवाल्या ताई, मोडीत असलं तरी वाचून सांगा.

फिटर, पिंपरी

सगळ्यांचं वाचलं, बरं वाटलं. आमचं जरा वेगळं आहे. खाजगी कारखान्यात होतो, पेन्शन पीएफवालं. पगार कितीही असू द्या, हिशेबाला पंधरा हजारांच्या वर धरत नाहीत, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणून सत्तरनं भागतात. आमच्या जुन्या वर्षांना तर ती मर्यादाही कमीच होती. हातात साडेतीन हजार पडतात. त्यामुळे वेळ कसा घालवू असा प्रश्न पडायला वेळच मिळाला नाही.

जिन्याखाली एक टेबल टाकलंय. मिक्सर, इस्त्री, पंखे. पंखा हळू फिरायला लागला की लोक नवा घ्यायला निघतात. बहुतेक वेळा आतला अडीच मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर गेलेला असतो. तो बदलला की झालं, दहा मिनिटांचं काम. मिक्सरमध्ये कार्बन ब्रश झिजलेला. ठिणग्या दिसल्या की बायका घाबरतात, मी म्हणतो अजून दहा वर्षं चटणी वाटाल.

पोराला लाज वाटते. "पप्पा, लोक काय म्हणतील?" लोक म्हणतात, "मिस्त्री, झाला का मिक्सर?"

धागाकर्ता

मिस्त्री, माझा प्रश्नच जरा खात्यापित्या घरचा होता, हे मान्य. लिहीत राहा.

मराठीच्या शिक्षिका, सातारा

अंध मुलांना परीक्षेत लेखनिक लागतात असं ऐकून मोठ्या उत्साहानं गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, "शिक्षण किती?" अभिमानानं एम.ए., बी.एड. सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग नाही चालणार." स्वतःचा लेखनिक आणायचा तर तो परीक्षार्थीपेक्षा एक इयत्ता तरी खालचा हवा. रास्तच आहे, नाहीतर पेपर मीच सोडवून मोकळी झाले असते. पण आयुष्यात पहिल्यांदा माझी पदवी आडवी आली.

आता पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. दुपारी दोन ते तीन, पंखा बंद, खिडकी बंद, तरी कुल्फीवाल्याची घंटा येतेच. एका मुलानं निरोप पाठवला, "बाई, तुम्ही पान उलटता तो आवाज काढून टाकू नका, आवडतो."

निवृत्त, फोंडा

मी काहीच करत नाही. सकाळी पोदेर भोंपू वाजवत येतो, पाव घेतो. जेवून झोपतो. संध्याकाळी दारात बसतो. पाच वर्षं झाली, तक्रार नाही. सगळ्यांनी काहीतरी केलंच पाहिजे, असं कोणी ठरवलं?

आजी, सध्या न्यू जर्सी

मी निवृत्त झाले असं म्हणतात, मला वाटतं माझी बदली झाली. व्हिसावर सहा महिने इथे, मग सहा महिने घरी. नात गोड आहे, तिच्याबद्दल बोलायचं नाही. पण गाडी चालवता येत नाही म्हणजे पाय नाहीत. दूध आणायलासुद्धा मुलगा येईपर्यंत थांबायचं. यंदा येताना जपमाळ आणली नाही, लोकरीची सुई आणली. बाकी सवडीनं, नात उठली.

निवृत्त अभियंता, ठाणे (मूळ वेंगुर्ल्याकडचा)

फसलेलं आधी, असं म्हणालात म्हणून.

गावी जाऊन काजू लावायचा, हे पस्तीस वर्षं ठरलेलं होतं. गेलो. वेंगुर्ला-७ची ऐंशी कलमं लावली. पहिला पाऊस छान गेला. मग कुंपण, मग गडी मिळेना, मग माकडं, मग तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये शेजारच्या डोंगरावरून वणवा उतरला आणि निम्मी कलमं गेली. ते सोसलं असतं. पण सातबाऱ्यावर सतरा नावं. मी कुंपण घातल्याबरोबर आजवर गणपतीलाही न आलेले दोन चुलते बोरिवलीहून आले. कोणी भांडलं नाही, नुसतं "बघून जातो" म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता ठाण्यात आहे. मे महिन्यात जातो, उरलेल्या झाडांचे काजू एक जण गोळा करतो, अर्धे त्याचे. रोज सकाळी तलावाला चार फेऱ्या मारतो, पण खरं सांगायचं तर मी तिथे नसतो, त्या डोंगराच्या उतारावर असतो. अजून सावरलेलो नाही.

पुण्याच्या ताई, एक विचारू का? पणजोबांच्या पेटीत मोडीतले चार कागद आहेत. घरात सगळे म्हणतात, जमिनीचा मूळ वाटप त्यात आहे. वाचून द्याल?

निवृत्त बँक अधिकारी, पुणे

जरूर. कागद ओला किंवा इस्त्री करू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. काचेखाली ठेवू नका, चकाकतं. सावलीत सपाट ठेवून वरून फोटो काढा, कडा दिसू द्या.

निवृत्त अभियंता, ठाणे

पाठवले. बायको म्हणते मी सकाळपासून पाच वेळा फोन बघितला.

निवृत्त बँक अधिकारी, पुणे

दोन रात्री लागल्या, अक्षर गचाळ आहे. तीन कागद वाचले, चौथा वाळवीनं मधोमध खाल्लाय, तो बसून लावावा लागेल. दादा, पहिल्या तिन्हींत जमीन नाही. म्हैस आहे. तुमच्या पणजोबांनी बावीस रुपयांना घेतली, तिनं दूध दिलं नाही, आणि पैसे परत मागण्याची ही तीन पत्रं आहेत. तिसऱ्यात भाषा जरा कडक आहे.

गृहिणी, नाशिक

चौथ्यात पैसे मिळाले का?

निवृत्त बँक अधिकारी, पुणे

गुरुवारपर्यंत सांगते.