पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं द्यावी का? तिरुपतीचं भाडं आलंय, लवकर सांगा

गारगोटीची सून

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय.

आमचे हे फौजेत आहेत, सध्या आसामात. २०२१ ला सुट्टीवर आले तेव्हा सात सीटर गाडी घेतली, ह्यांच्याच नावावर. अजून दोन वर्षं हप्ता आहे. हे वर्षातून दोनदा येतात, तेवढीच गाडी फिरते. एरवी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात उभी. बॅटरी उतरू नये म्हणून धाकटे चुलत दीर दर रविवारी चालू करतात. मागच्या महिन्यात बघते तर बॉनेटवर कोंबडी बसलेली.

भाऊजींना गाडी चांगली चालवता येते, हाताला काम नाही. त्यांनी गेल्या अमावास्येला गल्लीतल्या सहा बायकांना आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला नेलं, माणशी शंभर रुपये. मला वाटलं पेट्रोलचे घेतले असतील. मुधाळ तिट्ट्याच्या अलीकडं आरटीओच्या पथकानं गाडी बाजूला घेतली. साहेबांनी मागच्या सीटवरच्या आजींना विचारलं, "आजी, हे पोरगं कोण तुमचं?" आजी म्हणाल्या, "कोण न्हाय बाबा, गाडीवाला हाय. शंभर घेतोय, पण गाडी आतनं गार हाय बघा." साहेबांना हसू आलं म्हणे. त्या दिवशी समज देऊन सोडलं, पण आरसीचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा) फोटो काढून घेतला.

आता सहा जणांचं तिरुपतीचं भाडं आलंय. तीन दिवस, २४ हजार. भाऊजी म्हणतात, देवाला निघालेली गाडी कोण अडवत नाही. मला धाकधूक आहे. गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याच्या धंद्याची, करून घ्यावी का? किती खटाटोप असतो? का एवढ्या एका भाड्याला काही होत नाही?

रंकाळ्यावरचा

वहिनी, एवढं काय घाबरताय. अर्धा जिल्हा पांढऱ्या पाटीवर फिरतोय. गाडीत बसायच्या आधी सगळ्यांना सांगून ठेवायचं, पाहुणे आहोत म्हणून. आजींना तेवढं मागं बसवू नका.

पिवळी पाटी

ताई, वरच्या भावाचं ऐकू नका. "पाहुणे आहेत साहेब" हे वाक्य मी सहा वर्षं पाठ केलं होतं. २००४ ते २०१० मी गडहिंग्लज–नेसरी वडाप मारलंय, म्हणजे विनापरमिट माणशी पैसे घेऊन माणसं नेलीत. नऊ सीटच्या जीपमध्ये सोळा माणसं भरायचो. ड्रायव्हरच्या उजव्या अंगालासुद्धा एक माणूस बसायचा, आठवत असेल बघा. मी अर्धा आत, तो अर्धा बाहेर, आणि गिअर टाकायचा तर डावीकडच्या पाव्हण्याला सांगायचं, जरा पाय घ्या. अशात एक दिवस गाडी धरली आणि नेऊन एसटीच्या डेपोत लावली. अकरा दिवस. रोज सायकलवरून जाऊन बघायचो, स्टेपनी आहे का. ज्यांचे प्रवासी आम्ही पळवायचो तेच एसटीचे ड्रायव्हर कँटीनमधनं हाक मारायचे, "काय, आज वडाप कुठलं? नेसरी का?" चहा मात्र पाजायचे. आता माझ्या दोन टुरिस्ट गाड्या आहेत, दोन्ही कागदानं पक्क्या. म्हणून सांगतोय.

पाटीचा रंग ही नंतरची गोष्ट. मूळ भानगड परमिटची. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६६ : परमिट नसेल तर माणसं भाड्यानं न्यायची नाहीत. मोडलं तर कलम १९२-अ. पहिल्याच खेपेला १० हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कैद कुणाला झालेली मी तरी बघितली नाही, पण कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवतात, ते मी भोगलंय. तिरुपतीच्या वाटेवर ते झालं तर सहा माणसं, त्यांच्या पिशव्या आणि दर्शनाची वेळ, सगळं रस्त्यावर. मुधाळ तिट्ट्यावर ओळख निघते. निपाणी आली की कर्नाटक, त्याच्या पुढं आंध्र, तिथं कोण ओळखणार भाऊजींना?

आता पेट्रोलचे पैसे म्हणजे भाडं का, हे तुम्ही विचारलं नाही पण तुमच्या मनात तेच दिसतंय. माझा हिशोब साधा आहे. भाऊजी स्वतः दर्शनाला चाललेत, शेजारीण म्हणाली मलाही न्या, आणि तिनं पाचशेचं पेट्रोल टाकलं. त्याला भाडं कोण म्हणणार? पण भाऊजींना जायचंच नव्हतं, माणसं मिळाली म्हणून गाडी निघाली आणि दर आधी ठरला, की झालं भाडं. पथकाला हे नेमकं कळतं. ते ड्रायव्हरला विचारतच नाहीत. एकेका प्रवाशाला बाजूला घेऊन विचारतात, ड्रायव्हरचं आडनाव काय, त्याच्या आईचं माहेर कुठलं. पाहुणा असता तर सांगितलं नसतं का? तुमच्या आजी बऱ्या, सरळ दर सांगून मोकळ्या झाल्या.

आणि एक. गाडी पिवळी केली तरी आदमापूरला माणशी शंभर घेता येणार नाहीतच. हे नव्या टुरिस्टवाल्यांनाही माहीत नसतं. टुरिस्ट गाडीचं परमिट कंत्राटी वाहतुकीचं : पूर्ण गाडी, एक पार्टी, एक ठराव, इथून तिथे. वाटेत हात केला म्हणून नवा माणूस घ्यायचा नाही. माणशी तिकीट घेऊन टप्प्याटप्प्यानं चढवणं-उतरवणं ही टप्पा वाहतूक. तिचं परमिट वेगळं, आपल्या राज्यात ते काम एसटीचं. १९४८ ला पुणे–नगर पहिली गाडी सुटली तेव्हापासनंची तिची वाट ती. त्या सहा बायकांनी मिळून "गाडी सहाशेला ठरवली" असं असतं तर पिवळ्या पाटीला ते चाललं असतं. माणशी शंभर म्हटलं की वडापच, मग गाडी आतनं कितीही गार असू दे.

पिवळी करायची म्हटली तर काय लागतं? गाडीवर कर्जाचा बोजा आहे, म्हणजे आधी बँकेचं ना-हरकत पत्र. बँक कर्जाचा प्रकार बदलायला सांगू शकते, तिथंच निम्मी माणसं परत फिरतात. मग आरटीओत अर्ज, कराचा फरक, धंद्याच्या गाडीचा विमा. पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, नेताना स्पीड गव्हर्नर (ऐंशीच्या पुढं गाडी जात नाही, महामार्गावर मागचे हॉर्न मारून जीव खातात), जीपीएसचा डबा, सीटजवळ लाल पॅनिक बटण, आग विझवायचा सिलिंडर, प्रथमोपचार पेटी. ते बटण माझ्या गाडीत लहान पोरांनी जितक्यांदा दाबलंय तितकं संकटात कुणी दाबलं नसेल. घरच्या गाडीला पंधरा वर्षं बघायला लागत नाही. धंद्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेसची तपासणी, पुढं दर वर्षी. शेवटी परमिट. तिरुपतीसारख्या फेऱ्यांना ऑल इंडिया टुरिस्ट परमिट बरं. २०२१ च्या आधी प्रत्येक राज्याच्या नाक्यावर वेगळा टॅक्स भरायला लागायचा, मध्यरात्री खिडकी उघडायची वाट बघत बसायचो. आता एकदाच ऑनलाइन भरायचं, देशभर चालतं. फक्त प्रवाशांची यादी गाडीत ठेवायची.

तुमची सात सीटर ड्रायव्हर धरून सात, म्हणजे सहा प्रवासी. कायद्यात ती मोटार कॅब. सातवा प्रवासी घेतला की जादा, माणशी २०० दंड वेगळा.

भाऊजींचं लायसन हलक्या वाहनाचं असेल तर ते पुरतं. साडेसात हजार किलोच्या आतल्या गाडीला वेगळा शेरा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ ला सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं कायम केलं. पण प्रवाशांची गाडी चालवणाऱ्याला बॅज (आरटीओचा बिल्ला) विचारतात. तो काढायला पोलीस पडताळणी लागते, वेळ जातो. आजच अर्ज करू दे.

क्लेमवाला

विम्याच्या धंद्यात चौदा वर्षं आहे, म्हणून दंडापेक्षा मोठी गोष्ट सांगतो.

घरच्या गाडीच्या पॉलिसीत स्पष्ट छापलेलं असतं, भाड्यानं किंवा मोबदला घेऊन वापरल्यास संरक्षण नाही. पॉलिसी काढून वाचा, "वापराच्या मर्यादा" या मथळ्याखाली सापडेल. अपघात झाला की आम्ही सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) पाठवतो आणि सर्व्हेअर पहिल्यांदा दवाखान्यात प्रवाशांना भेटतो. जखमी माणूस खोटं बोलत नाही. किती दिले, कुणाला दिले, सगळं जबाबात येतं. गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम नामंजूर. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा गाडीलाही काही रक्कम द्यायला लावली होती, पण त्यासाठी मालक वर्षानुवर्षं कोर्टात झगडला. त्या भरवशावर गाडी बाहेर काढू नका.

जखमींची भरपाई अपघाताचं न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला आधी द्यायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो. वहिनी, नोटीस भाऊजींच्या नावानं येणार नाही. ती आसामात जाणार.

पिवळी करायची तर विम्याचं गणित आत्ताच बघा. २०२२ ला ठरलेले थर्ड पार्टीचे (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचे) दर असे : हजार ते दीड हजार सीसीच्या घरच्या गाडीला ३,४१६. तेवढ्याच टॅक्सीला मूळ ७,९४० आणि वर परवानगी असलेल्या प्रत्येक प्रवाशामागं ९७८. सहा प्रवाशांचे १३,८०८. वर जीएसटी, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता वेगळाच.

गारगोटीची सून

आसामात नोटीस हे वाचून हातपाय गळाले. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नाही, आदमापूरचंसुद्धा मी सांगितलेलं नाही.

पिवळी पाटी दादा, मग सगळं कागदोपत्री करूनच घेऊ का? महिन्याला तीन-चार भाडी मिळाली तरी हप्ता सुटेल असं भाऊजी म्हणतात.

पिवळी पाटी

नका करू ताई.

एक तर मिस्टर नोकरीत आहेत. सेवेतल्या माणसाच्या नावावर धंद्याचं परमिट, हे युनिटला विचारल्याशिवाय करायचंच नाही. गाडी आधी तुमच्या नावावर करायची म्हटली तर बँक पुन्हा आलीच.

दुसरं, तीन-चार भाड्यांनी हप्ता सुटत नाही. तिरुपतीचंच बघू. येऊन-जाऊन सोळाशेच्या वर किलोमीटर. २४ हजारांतून पेट्रोल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचे तीन दिवस, त्याचं जेवण-राहणं गेलं आणि टायर-ऑइलचं बाजूला काढलं, तर हातात सात-आठ हजार. तसली भाडी महिन्याला चार येत नाहीत. लग्नसराई आणि उन्हाळी सुट्टी सोडली तर माझ्या दोन गाड्यांतली एक पावसाळ्यात दारातच असते, आणि मी वीस वर्षांच्या वर या लाइनीत आहे, माझी बांधलेली गिऱ्हाइकं आहेत. गाडी उभी असली तरी विमा, परमिट, पासिंग थांबत नाही. हा धंदा महिन्याला वीस दिवस गाडी पळवणाऱ्याचा. रविवारच्या फेरीसाठी पाटी पिवळी करणं म्हणजे एका वाटी दुधासाठी म्हैस घेण्यासारखं. दोन वर्षांनी कंटाळून परत पांढरी करायची म्हटलं तर परमिट सोडा, पुन्हा कर, पुन्हा बँक, आणि विकताना गिऱ्हाईक मीटर बघून तोंड वाकडं करणार.

पोराला काम पाहिजे ना? बॅज निघू दे. सुट्टीच्या दिवसांत आम्हाला बदली ड्रायव्हर मिळत नाहीत. हात स्वच्छ असेल, रात्री डुलकी काढत नसेल, तर दिवसाचे आठशे-हजार आणि जेवण. वर्षभर दुसऱ्याच्या पिवळ्या गाडीवर घासू दे, मग त्याला स्वतःलाच कळेल गाडी घ्यायची का नाही.

आणि मिस्टरांना आदमापूरचं सांगून टाका. आरसीचा फोटो काढलाय म्हणता. उद्या मोबाइलवर दंडाचं चलन आलं तर ते त्यांच्याच नंबरवर जाणार.

रंकाळ्यावरचा

माझं वरचं म्हणणं मागं घेतो. चलनाचं लक्षातच नव्हतं आलं.

गारगोटीची सून

मंडळी, काय झालं ते सांगते.

ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. आधी शांत बसले, मग विचारलं, "गाडीला काय झालं नाही ना?" मग भाऊजींना फोन द्यायला सांगितला. ते बोलणं मी ऐकलं नाही, भाऊजी फोन घेऊन शेडाकडं गेले आणि बऱ्याच वेळानं आले.

तिरुपतीची पार्टी गडहिंग्लजच्या एका पिवळ्या गाडीला दिली. त्यांनी भाऊजींना भाडं दिल्याबद्दल दीड हजार कमिशन दिलं आणि बॅज आला की ये म्हणाले. पडताळणीसाठी पोलीस ठाण्यात दोन चकरा झाल्यात.

गाडी शेडातच आहे, बॉनेटवर आता जुनी गोधडी टाकलीय. काल आजी विचारत होत्या, पुढच्या अमावास्येला कधी निघायचं. एसटीनं जायचं म्हटल्यावर म्हणाल्या, अर्ध्या तिकिटात नेत्यात, पर गार नसती गं ती.