मदत हवी आहे: जुन्या बोलेरोला पावसाआधी कोणते टायर घालू?

मंडळी, माझी २०११ ची बोलेरो, टायर २१५/७५ आर १५. देवरुखहून आंबा घाटाने कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या नेतो. मागचे दोन्ही टायर गोटा झालेत, खाचा झिजेच्या १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकल्या. गेल्या पावसात साखरप्याच्या पुढे वळणावर गाडी सरकली. घरची माणसं आत होती. तेव्हापासून धास्ती बसली आहे.

दुकानदार एटी (ऑल-टेरेन, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) घ्या म्हणतो. पण घराकडचा जांभ्याचा रस्ता जेमतेम अर्धा किलोमीटर, बाकी सगळं डांबर. ओल्या डांबरावर एचटीच (हायवे-टेरेन, पक्क्या रस्त्याचे) बरे ना? स्वस्तातला एक जोड दाखवला, त्यावर २३२१ छाप, म्हणजे २०२१ च्या २३व्या आठवड्यातला. इतका जुना नको म्हटलं.

सीएट, अपोलो, एमआरएफ यांपैकी भर पावसात घाटात कुणी काय वापरलंय? सध्या दोन टायरपुरतेच पैसे आहेत, नवे मागेच घालीन. कृपया स्वतःचा अनुभव सांगा.